चारशे एकतीसवरून एकशे अठ्ठेचाळीस

साहेब, तुमच्या कचेरीचं पत्र मिळालं. दोन ओळींचं. 'सदर शिबिरात कोणताही वैद्यकीय दावा करण्यात आला नाही.' खाली तुमची सही.

हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही त्या मांडवात पहिल्या रांगेत सोफ्यावर बसला होतात. तुमच्या डोक्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अकरा मिनिटांत शुगर अर्धी'. रक्त तपासायची मशीनं तुमच्या आरोग्य खात्याची होती. ती चालवणाऱ्या दोन्ही नर्सबाई तुमच्या खात्याच्या. शिबिर भरवणाऱ्या बापूंनी तुम्हाला शाल दिली, तुम्ही वाकून घेतलीत. लोकांनी बापूंवर विश्वास ठेवला हे अर्धंच खरं. त्यांनी तुमच्या वाकण्यावर विश्वास ठेवला.

मी मनीष. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात नट-बोल्ट विकतो. शाळा दहावीपर्यंत, पुढचं रद्दीतल्या पुस्तकांवर. लिहायला मला कोणी शिकवलेलं नाही, त्यामुळे घाबरून कसं लिहायचं तेही येत नाही.

सोमवारी सकाळी दहाला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बापूंचं नाव मधुहर महाराज. स्वतः एसीसमोर बसून जनतेला सांगत होते की पंखा लावल्याने शरीरातला अग्नी विझतो. मध्येच माइकवर गर्जना. "भक्तों, डॉक्टर ने ज़िंदगीभर की गोली दी, हमने ग्यारह मिनट में छुट्टी दी! शक करोगे तो शक्कर बढ़ेगी!" टाळ्या. ज्यांना शुगर नव्हती तेही वाजवत होते.

शिस्त कडक होती. आत शिरताच उजव्या हातावर मूठभर नुकती. आपल्याकडची नुकती, म्हणजे बारीक बुंदी, साखरेच्या चाशनीत निथळणारी. ती खायची, हात डोक्याला पुसायचा. प्रसादाचा हात धुवायचा नाही, हे काय सांगावं लागतं? मग रांग. नर्सबाईसमोर बोट पुढे करायचं तेही उजव्या हाताचंच. स्पिरिटचा बोळा नाही. हवनासमोर दारूचा वास चालत नाही म्हणे. सुई टोचली की आकडा माइकवर. मग तोच हात तांब्याच्या घंगाळात, तीर्थात बुडवून अकरा मिनिटं मंत्र. सेवक पांढऱ्या फडक्याने हात पुसणार, पुन्हा सुई, पुन्हा आकडा. आणि दर वेळी आकडा कोसळायचा.

माझ्या दुकानातला विक्रांत गंमत म्हणून रांगेत लागला. तब्येतीने दगड आहे तो. माइकवर आलं, "तीन सौ साठ!"

"भिया, मी तर गेलो!" विक्रांत माझा दंड धरून म्हणाला. "रोज सराफ्यात रबडी खातो यार, तेच भोवलं!"

अकरा मिनिटांनी त्याची सत्त्याण्णव झाली. तो बापूंच्या पायावर आडवा पडला. सकाळी त्याला रोग नव्हता, सव्वादहाला झाला, साडेदहाला बरा झाला. मला तिथेच हसू यायला हवं होतं. नाही आलं, कारण विक्रांतच्या मागे माझी बहीण उभी होती.

अंबिका तेवीस वर्षांची होती. अकराव्या वर्षापासून इन्सुलिन. हिचा मधुमेह म्हाताऱ्या माणसांचा नव्हता, गोळीने भागणारा नव्हता. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नव्हतं. रोज चार सुया. बी.एड. करत होती, बसमध्ये उभ्याने, ओढणीआड इन्सुलिनचं पेन टोचून घ्यायची आणि बाजूच्या बाईला म्हणायची, "काकू, घाबरू नका, नशा नाही करत."

"दादा, व्हिडिओ नीट काढ हां," स्टेजवर चढताना म्हणाली. "मागच्या वेळी माझं नाक भज्याएवढं आलं होतं."

सवयीने तिने डावं बोट पुढे केलं. सेवकाने हात बाजूला सारला. "बेटी, देवाच्या दारात उलटा हात?"

उजवं बोट. चारशे एकतीस. मांडवातून हाय निघाली. अकरा मिनिटांनी एकशे अठ्ठेचाळीस. आई मांडवातच रडायला लागली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात साहेब, माझ्या व्हिडिओत आहे.

बापूंनी अंबिकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि अट सांगितली. सात दिवस सुई नाही, मशीन नाही. मोजणं म्हणजे शंका.

घरी आल्यावर आईने पेन कपाटात वर ठेवून दिले. मी म्हणालो, "आई, असं अचानक बंद करू नये, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुझे डॉक्टर बारा सालांत काय करू शकले? अपन डोळ्यांनी बघितलं ना? तो मोठा साहेब काय येडा आहे, पुढे बसायला?"

मी अंबिकाकडे पाहिलं. ती पलंगावर पाय सोडून बसली होती.

"बारा वर्षं टोचतेय दादा," ती म्हणाली. "सात दिवस तरी माणसासारखं राहू दे ना."

मी गप्प बसलो.

का गप्प बसलो ते सांगतो. आमच्या कॉलनीच्या बागेत दर रविवारी सकाळी श्रीहरीकाका बसतात. तीस वर्षं प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. निवृत्त झाल्यावर तत्त्वज्ञानाकडे वळले. दहा-बारा लोक येतात. काका दोनच गोष्टी शिकवतात. एक, कुणी काही अद्भुत दाखवलं की विचारायचं, हे आणखी कशाने घडू शकतं? दुसरी, दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस आणि रोममध्ये स्टोइक म्हणून लोक होते, त्यांची. काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, ते आधी वेगळं करा. हातात नाही त्यासाठी तडफडू नका.

पहिली गोष्ट कष्टाची आहे. दुसरी मला फार आवडली होती. आईचं मत माझ्या हातात नाही, असं मी मनाशी म्हणालो आणि दुकानात गेलो.

मंगळवारी अंबिका घटाघटा पाणी पीत होती. बुधवारी सकाळी उलट्या. बापूंनी सांगून ठेवलेलं होतंच, विष बाहेर पडेल, डरना नहीं. दुपारी तिचा श्वास लांब लांब चालायला लागला, धावून आल्यासारखा. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. मी तिला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "इन्सुलिन कधी बंद केलं?" गुरुवारी सकाळी सव्वाआठला ती गेली. मी सही केली. बाहेर येऊन चहा घेतला. चहा गोड होता. मला त्याचं काही वाटलं नाही. मला तेव्हापासून कशाचंच काही वाटत नाही.

पाचव्या दिवशी श्रीहरीकाका भेटायला आले. आई भिंतीला टेकून बसली होती.

"तिचं आयुष्यच तेवढं होतं, श्रीहरीजी," ती म्हणाली. "बापूंनी तर साखर उतरवली होती. दवाखान्यातल्यांनी बिघडवलं सारं. पुढच्या सोमवारी सांवेरला शिबिर आहे. त्यांचा माणूस आला होता काल. म्हणाला, माताजी, साखर उतरली होती एवढं फक्त माइकवर सांगा. मी जाणार आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलं. खरं सांगितलं तर ही बाई ते आयुष्यभर घेऊन बसणार. नाही सांगितलं तर सोमवारी माइकवर उभी राहणार, आणि तिचं ऐकून कुणीतरी आपल्या मुलीचे पेन कपाटात ठेवणार.

"सांगा," मी म्हणालो.

काकांनी आईला तीनच गोष्टी विचारल्या. पहिला आकडा प्रसादाच्या आधी की नंतर? नंतर. बोट कुठल्या हाताचं? उजव्या, डावा कसा देणार? मध्ये हात कशात बुडवला? तीर्थात.

"आणि ज्याला शुगर नाही त्याचीही उतरली?" काकांनी मला विचारलं.

"विक्रांतची उतरली," मी म्हणालो.

"ज्याला रोगच नाही तोही बरा होत असेल, तर बरा करणाऱ्याकडे बघू नये. मोजणाऱ्याकडे बघावं."

अंबिकाचं मशीन फळीवर होतं. पट्ट्याही शिल्लक होत्या. काकांनी स्वतःचे हात साबणाने धुतले, पुसले, बोट टोचलं. एकशे चार. मग आईकडून चमचाभर साखर मागितली. तळहातावर चार थेंब पाण्यात कालवली, बोटांना लावली, आणि हात डोक्याला पुसला, मांडवात पुसतात तसाच. त्याच हाताचं दुसरं बोट टोचलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

आई पुढे सरकली.

काका उठले, नळाखाली हात धरला. "आपल्या नळाला नर्मदाच येते वहिनी. ह्याहून मोठं तीर्थ कुठलं आणायचं?" पुसून तिसरं बोट. एकशे सहा. "रक्तात काही वाढलं नाही, काही उतरलं नाही. मशीनला रक्ताचा एक थेंब लागतो. त्या थेंबात बोटावरची चाशनी मिसळली, ती मशीनने मोजली. पाण्याने चाशनी गेली. एवढाच चमत्कार."

"मग तो एकशे अठ्ठेचाळीस खोटा?"

"तो खरा होता."

"मग उतरवली कुणी?"

"अंबिकानेच. त्या दिवशी सकाळी घेतलेल्या इन्सुलिनने."

आई रडली नाही. साखरेचा डबा उचलून तिने झाकण लावलं. झाकण बसेना, ती दाबत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला शक होता?"

"होता."

"मग भांडला का नाहीस?"

"काका सांगतात, दुसऱ्याचं मत आपल्या हातात नाही."

श्रीहरीकाकांचा चेहरा उतरला. "मत हातात नाही," ते म्हणाले. "कपाट होतं. फोन होता. मला हाक मारणं होतं. मनीष, हातात काय नाही त्याची यादी मी दर रविवारी वाचली. हातात काय आहे ते तुम्ही आपले समजून घ्याल असं धरून चाललो. ती माझी चूक."

"मी रडलोही नाही काका. मला वाटलं, मी स्टोइक झालो."

"तू बधिर झालायस. बधिर माणूस चटका लागला तरी हात काढत नाही. त्यात शहाणपण नाही रे."

त्याच दिवशी तक्रार लिहिली. काकांच्या बोटांचे तिन्ही आकडे, व्हिडिओ, दवाखान्याचा कागद, सगळं जोडलं. उत्तरात तुमच्या दोन ओळी आल्या. सांवेरची परवानगी तशीच राहिली.

सोमवारी आई सांवेरच्या बसमध्ये चढली. हातात निळी बादली, प्लास्टिकचा मग, साबणाची वडी. मी आणि काका मागे. माइकवाले स्वागताला धावले. "आइए माताजी, स्टेज पर!" आई मांडवाच्या फाटकाबाहेर, इथे प्रसाद वाटत होते त्याच्या पुढच्या हापशाजवळ बसली.

"प्रसाद घ्या, खा, मी ना नाही म्हणत," येणाऱ्याला ती सांगत होती. "पण हात धुऊन मग सुई टोचवा. माझी पोरगी गेली, म्हणून सांगते."

पहिल्यांदा लोक टाळून गेले. मग एक म्हातारी थांबली. मग तिचे जावई. तासाभरात चाळीसएक लोकांनी हात धुतले. आतून आकडे यायला लागले. एकशे अठरा. तीर्थानंतर एकशे एकवीस. दोनशे चार. तीर्थानंतर एकशे नव्व्याण्णव. माइकवाल्याचा आवाज बसत गेला. सोयाबीनवाला एक शेतकरी उभा राहून ओरडला, "महाराज, म्हारी तो उतरी ज नी!"

"बाहर शक बैठा है!" बापू एसीसमोरून किंचाळले. "उसे हटाओ!"

आणि हटवलं. साबण कुणाच्या मनात शंका घालत नाही हो, तो फक्त चाशनी काढतो. पण दोन शिपाई आले, 'वरून आदेश आहे' म्हणाले, आईला दंडाला धरून उठवलं. बादलीतलं पाणी ओतून दिलं, बादली, मग, साबण जप्त केला आणि तुमच्या खात्याच्या आदेशाचा कागद तिच्या हातात ठेवला. बापू स्टेजमागच्या गाडीतून निघून गेले. त्यांना कुणी हात लावला नाही.

हे उघडं पत्र आहे; ते वाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. मोजू नका म्हणणारा चोर असतो. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवा. आणि घरात तुमची शंका एकट्याची असेल तर ती बोलून दाखवा, भांडा, कपाट उघडा. मी उघडलं नाही.

आणि साहेब, तुम्हाला. ज्या खात्याच्या भिंतींवर हात धुण्याचे फलक लागलेत, त्याच खात्याच्या आदेशावरून वसुंधरा नावाच्या बाईकडून, माझ्या आईकडून, एक बादली, एक मग आणि साबणाची वडी जप्त झाली. कागदावर कारणाची जागा कोरी आहे. हात धुवायला सांगणं हा कोणत्या कायद्याखाली गुन्हा आहे? कलम सांगा. लेखी सांगा. मी तुमच्या कचेरीच्या बाकावर बसलोय.