बियाण्याची वांगी

इंद्रभानला साठ पूर्ण होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या इंद्रभानला सोडून. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी निम्म्या वर्गाला वाटली तशी एक जुलै त्यालाही वाटून दिली होती. पण आई सांगायची, संक्रांतीनंतर आठव्या दिवशी झालास. मुलाने, हर्षलने, तोच दिवस धरून एकसष्टीचा घाट घातला.

इंद्रभानने आधी नाक मुरडलं. पिंपळगाव राजाच्या शिवारात एकरभर वांगी लावणाऱ्या माणसाला कसली आली एकसष्टी? पण हर्षल बापाला ओळखून होता. तराजूत बसवून बापाची तुला करायची, तीही वांग्यांची, आणि सगळी वांगी हिवरा आश्रमाच्या महाप्रसादाला पाठवायची, असं त्याने सुचवलं. तिथल्या उत्सवात पुरी आणि वांग्याची भाजी खायला हजारोंची पंगत बसते. आपल्या वावरातलं वांगं त्या पंगतीला जाणार म्हटल्यावर म्हातारा हरखला. म्हातारा म्हणायला अजून दोन दिवस होते म्हणा. सारं वावर तोडा, त्याने हुकूम सोडला, फक्त बियाण्याची तेवढी सोडा.

त्या बियाण्याच्या वांग्यांत त्याचा जीव होता. हे वाण त्याच्या बापाचं, आता गावात दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. दुकानातल्या पुडीला त्याने कधी हात लावला नाही. दरवर्षी जोमदार झाडांवरची वीस-पंचवीस फळं तो पिवळीधमक होईपर्यंत झाडालाच ठेवायचा. कुणी चुकून तोडू नयेत म्हणून बायको सरस्वतीबाई देठाला लाल चिंधी बांधायची. मागचं बी सारं पेरून झालं होतं. यंदाची फळं आत्ता कुठं रंग धरत होती, आणखी वीस दिवस तरी हवे होते.

तुलेच्या दिवशी अंगणातल्या कडुलिंबाला अडत्याकडचा मोठा तराजू टांगला. इंद्रभान नवी टोपी घालून पारड्यात मांडी घालून बसला. सरस्वतीबाईनं साठ दिव्यांनी ओवाळलं. वांगी पडत गेली, तो वर उचलला गेला, पण दोन बोटं कमी पडली. बाकीची पोती आधीच गाडीत चढली होती. हर्षलने हाक दिली तशी सून छाया पडवीतलं टोपलं घेऊन आली आणि तिने ते पारड्यात पालथं केलं. पारडी बरोबरीत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टोपल्यातली वांगी अर्धवट पिवळी होती. देठांना चिंध्या तशाच होत्या.

सुनेनं घोळ केला, असं इंद्रभानला वाटलं. तो तिच्यावर ओरडणार एवढ्यात हर्षलने माइक हातात घेतला. बाबांनी फार कष्ट केले, आता त्यांनी आराम करावा, वावर तीन वर्षांसाठी रंगरावकाकांना खंडानं लावून दिलंय, असं त्याने हसत हसत जाहीर केलं. शेजारचा रंगराव पुढे आला, त्याला मानाचा नारळही मिळाला. तो तिथं सोयाबीन पेरणार होता. पाहुण्यांतल्या एकालाही नवल वाटलेलं दिसलं नाही. माझ्याच वावराचा व्यवहार, माझ्याच वाढदिवशी, आणि मी इथं लोंबकळतोय! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

तरी मुलाचं त्याने एक वेळ पचवलं असतं. वावर त्याच्या नावावर होतं, रंगरावला उद्या सरळ नाही म्हणता आलं असतं. पण मग पेरणार काय? त्याने शेजारी ताट घेऊन उभ्या असलेल्या सरस्वतीबाईकडे पाहिलं.

"कोनं तोडले?" त्याने हळूच विचारलं.

"म्या."

"आंदर बी पोचट असन. तुले मालूम नाई का?"

"मालूम हाय. म्हनूनच तोडले."

हर्षलला वांग्याचं बी आणि खसखस सारखीच. ही मात्र चाळीस वर्षं त्याच्या शेजारी बसून ओलं बी राखेत घोळवत आली होती. घाव कुठं घालायचा हे तिलाच माहीत होतं, आणि तिनं तो तिथंच घातला.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी मले मनवलं असतं," सरस्वतीबाई म्हणाली. "चाळीस साल झाले, मनवतच आले. माह्याच्यानं आता वाकनं होत नाई."

त्याने मनवलं असतं, हे खरंच होतं, आणि म्हणून ते जास्त लागलं. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा तरी होतो.

हर्षलचे मित्र वांगी पोत्यांत भरू लागले. समोरचं पारडं रिकामं होत गेलं तसा इंद्रभान खाली येत येत जमिनीला टेकला. सरस्वतीबाईनं ताट छायाच्या हाती दिलं आणि त्याला उठवायला हात पुढं केला. त्याने तो धरला नाही. गुडघे रेटून आपला आपणच उठायला गेला. एकदा गेला, दोनदा गेला. उठता येईना. ती हात तसाच पुढं धरून उभी होती.