बिनखिळ्याची बैठक

आश्विनातले ऊन. धुतलेले, निवळलेले, हळदीच्या पाण्यासारखे कोवळे. ते माडांच्या झावळ्यांतून गळत होते, खाडीच्या संथ, हरित-धूसर अंगावर सांडत होते, आणि सांडता सांडता मागच्या पडवीत शिरून लाकडाच्या भुशाला वर्ख लावत होते.

त्या पडवीत भार्गव फणसाच्या फळीवर रंधा मारीत होता. रंधा पुढे जाई, मागे येई. पुढे जाई, मागे येई. आणि दर फेरीला एक पीतवर्ण, तलम, सुगंधी वेटोळे उलगडून त्याच्या पावलांवर पडे.

खाली, घाटाच्या पायरीशी, होडी बांधलेली होती. कृशांगी, श्यामवर्णा. त्याच्या बायकोच्या, द्वारकेच्या बापाची. तो या खाडीवरचा तारी, माणसे पैलतीरी पोचवणारा. लेक त्याने वल्ह्याच्या तालावर वाढवली. भार्गवने तिला पहिल्यांदा पाहिले ते पाण्यावरच. ती वल्हवीत होती, आणि पोहता न येणारा तो, जीव मुठीत धरून, तिच्यासमोर बसला होता.

आता तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. होडीच्या तळाशी बसणे संपले होते. पावसाळाभर ती ओसरीवरून खाडीकडे पाहत राहिली. तिने काही मागितले नाही. पण भांडी घासताना तिचे मनगट नकळत वळे, मागे सरे, जणू परातीतल्या पाण्यालाही पैलतीर होता.

म्हणून ही बैठक. पाय लांब सोडता येईल अशी, पाठीला आधार देणारी, हवी तेव्हा घालावी, नको तेव्हा काढावी अशी. द्वारकेच्या माहेरची रीतच होती: पाण्याशी लग्न लागलेल्या होडीच्या अंगात पुन्हा लोखंड शिरू द्यायचे नाही. काथ्याची दोरी, लाकडाची पाचर, कोरलेली खोबण. एवढ्यावरच सारे तोलायचे.

भार्गवने तोलले. आणि मग, बुडण्याच्या भयाने, बैठकीच्या दोन्ही बाजूंना, खुर्चीला असतात तसे, दोन उंच हात बसवले.

"काय ओ काका," जाळे खांद्यावर टाकून चाललेला शेजारचा बाबल थबकला, "होडयेक मखर करतास काय?"

"तुझ्या काकीसाठी," भार्गव लाजून म्हणाला.

"मगे आरतीक बोलवा!"

उन्हे कलली, भरती आली, बैठक होडीत बसली. द्वारका तिच्यात टेकली. पाय सरळ झाला, पाठ सैलावली, डोळे क्षणभर मिटले. मग तिने वल्हे उचलले.

कोपर लाकडावर आपटले. तिने बाजू बदलली. तिकडेही तेच.

"अहो, बैठक बेस झाली. पण वल्ह्याक जागा खंय ठेवलास?"

"तू नुसती बस. वल्हवतलो बाबल."

"मगे बसाक ओसरी काय वाईट होती?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. भार्गवने पाहिले: किती सुबक, किती सुगंधी, किती गुळगुळीत कुंपण! तिच्या पाठीचे माप त्याने घेतले होते, पायाचे घेतले होते. तिच्या हाताच्या झेपेचे माप घ्यायचे त्याला सुचलेच नव्हते.

"बुडलीस तर?" तो पुटपुटला.

"माका पोवाक येता. येणा नाय ता तुमका!"

तो हसला नाही. पायरी उतरला. घोट्याशी पाणी, गुडघ्याशी पाणी, कमरेशी पाणी. आयुष्यभर ज्या पाण्याला तो काठावरूनच ओळखत होता, त्याने त्याला वेढले. मुठीने त्याने पाचरीवर घाव घातला. पाचर सुटली. दुसरी सुटली. बैठकीचे दोन्ही हात निखळून त्याच्या मुठीत आले; ते त्याने पायरीवर भिरकावले. मात्र होडीची कड त्याच्या बोटांतून सुटेना.

"सोडा आता," ती हळूच म्हणाली.

त्याने सोडली.

वल्हे बुडाले, वल्हे उठले. थेंब गळले, वर्तुळे उमटली. तिची पाठ ताठ होत गेली, दूर होत गेली, मावळतीच्या केशरात चिमुकली होत गेली. आणि कमरेइतक्या पाण्यात उभ्या भार्गवच्या छातीवर तिने उठवलेली एकेक लाट येत राहिली. हलकी, आणखी हलकी, आणि मग नुसते पाणी.