शेजारची जागा

"पाय काढ तिथून," हर्मिनिया म्हणाली. "तिथे ब्रेक नाहीये."

एउसेबियोने खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय गाडीच्या तळाशी गच्च रोवलेला होता. पुढे चालकाची जागा रिकामी, आणि स्टिअरिंग आपलं आपण वळत होतं.

"भुताच्या हाती जीव दिलाय आपण," तो पुटपुटला.

"भूत पिवळ्या दिव्याला थांबतं. तू कधी थांबलास?"

फीनिक्समध्ये त्याने जन्मभर काँक्रीटचे ट्रक हाकले होते. बायकोचे, हर्मिनियाचे, पाय गेले तेव्हा जुनी व्हॅन घेतली, तिची चाकांची खुर्ची मागे पट्ट्यांनी बांधायची, आणि आरशात बघत एकमेकांशी ओरडून बोलायचं. यंदा डोळ्यांपायी त्याचा परवाना गेला. तेव्हापासून हर्मिनियाचा खुर्चीतला रविवारचा नाचही सुटला. बिनचालकाच्या गाडीचं नाव काढलं की तो म्हणायचा, "माझ्या बायकोला यंत्र नेणार? मी मेल्यावर."

आज तिने परस्पर गाडी बोलावली होती. "मी निघाले. यायचं तर ये."

खुर्ची चढवायची गाडीची फळी आपोआप खाली आली. एउसेबियोने सवयीने खुर्ची ढकलायला हात पुढे केला, तोवर हर्मिनिया स्वतःच चाकं फिरवत झरकन वर चढून आत गेलीही होती. हात तसाच राहिला. मग तोही मुकाट्याने चढला. खुर्चीची जागा त्याच्या सीटला लागूनच होती.

नाचाच्या हॉलमध्ये ॲकॉर्डियन सुरू झालं आणि हर्मिनियाने त्याला खुर्चीभोवती असा काही फिरवला की बायका टाळ्या वाजवायला लागल्या. तो घामाघूम झाला, पण बसायचं नाव घेईना.

परतताना ऊन उतरलं होतं. गाडी आवाज न करता चालली होती. एकाएकी एउसेबियोने मान वळवली.

"तू गातेयस?"

"मग काय."

"गाडीत कधी गायची नाहीस."

"नेहमी गायचे, चेबो. तुझ्या त्या इंजिनाच्या खडखडाटात तुला कुठलं ऐकू यायला?"

एवढी वर्षं हिला सगळीकडे नेली, आणि मागे गाणं चाललंय याचा पत्ताच नाही. मग त्याने तिचा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला.

"पुन्हा पहिल्यापासून म्हण."

घर आलं. दार सरकलं, फळी उतरली. गाडीतला बाईचा आवाज अदबीने म्हणाला, की आपण पोहोचला आहात.

"थांब गं बाई जरा," एउसेबियो त्या आवाजाला म्हणाला. "अजून एक कडवं राहिलंय."