उशीतली मधुमालती

मुक्ता ऑफिसच्या बसने आयर्लंडमधल्या नास गावात उतरून घरी आली, तेव्हा तिची आई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जुनं वर्तमानपत्र पसरून फुलं वाळवत होती.

"ही कुठली फुलं गं?"

"मधुमालती. कालव्याच्या काठच्या कुंपणावर हे एवढी लागून राहिली. एक पुडी सकाळीच शेजारच्या हुआंगबाईले देऊन आली मी. खोकून राहिली ना बिचारी."

मुक्ताने बॅग तशीच खांद्यावर ठेवून वाकून पाहिलं. पांढरी, पिवळसर, लांब नळीची फुलं. आणि त्यांच्यात लालभडक, टपोरी फळं.

"आई, ही लाल फळं पण दिलीस?"

"देणार नाही का? बाईमाणसाच्या हातात नुसतं पांढरं-पिवळं ठेवते का कोणी? हळद झाली, मग कुंकू नको? थोडं तांबडं असावं."

औषधांच्या प्रयोगशाळेत वनस्पतींचे अर्क तपासणं हे तिचं रोजचं काम. ही मधुमालती नव्हे, आयर्लंडच्या कुंपणांवर उगवणारी रानटी हनीसकल आहे, हे तिला पाहताक्षणी कळलं होतं. फुलांचं एक वेळ ठीक, पण फळं पोटात गेली तर उलट्या आणि कळा. आणि हुआंगबाई सत्तरीच्या.

खरं तर या घोटाळ्याचं मूळ फोनमध्ये होतं. मागच्या खेपेला आई, म्हणजे स्नेहलताबाई, इथे अगदी एकट्या पडल्या, आणि तीन महिन्यांचं तिकीट असताना महिन्याभरात नागपूरला परतल्या. "भिंतीशी किती बोलू?" म्हणाल्या होत्या. या वेळी शेजारी हुआंगबाई राहायला आल्या. त्यांचा मुलगा इथल्या इस्पितळात डॉक्टर, तो दिवसभर बाहेर. त्यांना इंग्रजी येत नाही, स्नेहलताबाईंना चिनी येत नाही. मग फोनमधलं भाषांतराचं ॲप मध्ये आलं. हुआंगबाईंनी घसा दुखणाऱ्या शेजारणीला वाळलेल्या कळ्यांचा काढा दिला, कळ्यांचं चिनी नाव सांगितलं, आणि फोन मराठीत म्हणाला, "मधुमालती." तेव्हापासून रोज अकरा वाजता चहा. आई आता इथल्या लोकांसारखं दुधाच्या पिशवीलाही "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणायला लागली होती.

म्हणजे आज मुक्ता जे सांगणार होती, त्याने हे सगळं मोडलं असतं. ओशाळलेली आई पुन्हा त्या दारात गेली नसती. पण न सांगून चालणार नव्हतं.

"चल माझ्याबरोबर," मुक्ता म्हणाली. "आत्ता."

"अवं, पण चपला तरी घालू दे!"

हुआंगबाईंनी दार उघडलं. ठणठणीत दिसल्या. मुक्ताने फोनमध्ये घाईघाईने विचारलं, "आईने दिलेली फुलं प्यायलात का?"

हुआंगबाईंनी ऐकलं, मान हलवली आणि त्या आपल्या फोनमध्ये काहीतरी बोलल्या. फोनमधली बाई रेल्वेची घोषणा करावी तशी ठसक्यात म्हणाली, "नाही. मी तुमची आई उशीत शिवली आहे."

स्नेहलताबाई फस्सकन हसल्या. "ऐक! मले उशीत कोंबलं म्हणते!"

हुआंगबाई आत गेल्या आणि एक छोटी निळी उशी घेऊन आल्या. मुक्ताने नाकाशी धरली. कालव्याकाठची फुलं आत होती. लाल फळं मात्र वेगळी काढून खिडकीतल्या एका बशीत मांडली होती, शोभेला. हुआंगबाईंनी फळांकडे बोट केलं, मग तोंडाकडे, आणि हात हलवला. नाही.

मुक्ता आईकडे वळली. "आई, ही मधुमालती नाही."

"मले काय सांगते? मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल. हे पांढऱ्याचं पिवळं होऊन राहिलं. आणि हिच्या कळ्या पाहून तर पहिल्या दिवशीच समजलं."

"मग बोलली का नाहीस?"

"ते मशीन मधुमालती म्हणलं, मी म्हणली, आमच्या अंगणात पण आहे. तर त्या बाईचा चेहरा असा खुलला! आता नाव चुकलं म्हणून बोलणं सोडू का?" त्या जराशा थांबल्या. "पण तिच्या कळ्या संपत आल्या होत्या. कुंपणावरची पाहून वाटलं, तिची बहीण तरी असेल. फळाचं खरंच माहीत नव्हतं व."

"चुलत बहीण आहे," मुक्ता म्हणाली. तिला खोटं बोलावं लागलं नाही, कारण हुआंगबाईंच्या कळ्यांची चिनी हनीसकल आणि कुंपणावरची रानटी, दोन्ही वेली एकाच कुळातल्या. "मधुमालती तेवढी त्यांच्या नात्यातली नाही."

"शेजारीण म्हण," आई म्हणाली.

हुआंगबाईंनी डब्यातल्या उरलेल्या कळ्या तीन कपांत वाटल्या आणि उकळतं पाणी ओतलं. बारीक हिरवट काड्यांसारख्या त्या कळ्या सावकाश तळाशी बसल्या. मग त्यांनी मागचं दार उघडून कुंपणाला टेकलेली त्यांची वेल दाखवली. मुलाने कुंडीत लावलेली. कळ्यांचा बहर केव्हाच सरला होता. फोन म्हणाला, "उमलण्याआधी तोडायच्या. सकाळी. जूनमध्ये. दोन हात कमी पडतात."

स्नेहलताबाईंनी कप खाली ठेवला. वेलीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"मुक्ता, पुढच्या वर्षीचं तिकीट मे महिन्याचं काढ," त्या म्हणाल्या. "आणि हिले विचार, उशीत अजून जागा आहे का. माझी पुडी घरी वाळून राहिली."