शनिवारीच कायले?

केशोरीच्या बुद्धविहारात जेवढे पंखे आहेत, तेवढ्यांच्या पात्यांवर देणाऱ्यांची नावं आहेत. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून एका दात्याने भिंतीवर वेगळी फरशीही बसवून घेतली होती. दान देणारा सगळं सोडतो, पण नाव सोडत नाही, हे विहार समितीचा अध्यक्ष देवीदास याने उभ्या आयुष्यात पाहिलं होतं. म्हणून गोंदियाच्या मुन्नालाल शेठचा निरोप आला तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली.

निरोप पुतण्याने आणला. लोकेश समितीचा सचिव, गोंदियाला कामानिमित्त येणं-जाणं असलेला.

"मोठेबाबा, शेठ आपली गाडी समितीले दान देऊन राहिला. परदेशी कंपनीची, लांबलचक, काळी. जुनी हाय, पण आतमंधी बसलं का झोपच लागते."

"त्याले काय पाहिजे?"

"काहीच नाई. नाव लावू नका म्हणते. फोटो नको, सत्कार नको."

"नाव नको?" देवीदासने हातातली सुपारी तशीच ठेवली. "मंग माणूस बिमार हाय, नाईतर चोर."

चुलीजवळून त्याची बायको लीलाबाई म्हणाली, "अजी, हत्ती फुकटात भेटन, पण त्याले चारा कोन घालन? आपल्या रस्त्यावर त्या गाडीचं पोट घासन."

"आपून कुठं फिरवून राहिलो, मोठी माय?" लोकेश म्हणाला. "विकून टाकू अन् पेशंटसाठी जुनी व्हॅन घेऊ. नंदलालच्या रीताचं काय झालं, ते विसरले का तुमी?"

कोणीच विसरलं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात नंदलालच्या लेकीला, रीताला कळा सुरू झाल्या. फोनला टॉवर नव्हता आणि गावात गाडी नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नवेगावच्या दवाखान्यात नेताना रस्त्यातच ती बाळंत झाली. रीता वाचली, लेकरू नाही. तेव्हापासून समिती गाडीसाठी वर्गणी मागत होती आणि वर्गणी मुंगीच्या पावलाने जमत होती.

आता घरबसल्या गाडी येत होती, आणि देवीदासच्या गळी उतरत नव्हती.

"शेठले विकलेली चालते का?" त्याने विचारलं.

"चालते. फक्त गोंदियात विकू नका म्हणते. पुन्हा नजरेस पडू नये म्हणते."

"अन् कधी देते?"

"शनिवारी. सूर्य बुडायच्या आत."

"शनिवारीच कायले?"

"आता दानाच्या गाडीचे दात मोजता काय, मोठेबाबा?" लोकेश चिडला. "द्यायले तयार झालेल्या माणसाले तुमी पोलिसासारखे प्रश्न विचारून राहिले!"

देवीदासची शंका मात्र गप्प बसली नाही. चोरीची असेल? कोणाला चिरडून आली असेल? लोकेशने गोंदियात विचारपूस केली. गाडी शेठच्याच नावाची, कुठला गुन्हा नाही. शेठची राईस मिल मोठी, माणूस सरळ. जितकं सगळं सरळ निघत गेलं, तितकी देवीदासची झोप उडत गेली.

शनिवारी उन्हं कलली आणि गाडी विहारासमोर आली. काळी, चकचकीत, म्हशीसारखी सुस्त. मागून दुसरी लहान गाडी आली, शेठला परत न्यायला. काळ्या गाडीच्या मागच्या सीटवरून मुन्नालाल शेठ उतरला. पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळं आलेला. तो विहाराच्या पायरीवर चढला नाही. पाणीही घेतलं नाही.

"जल्दी है काका," तो म्हणाला. "चाबी लेलो बस."

त्याने किल्ली काढली, पण हातात दिली नाही. गाडीच्या बॉनेटवर काळ्या कापडाचा तुकडा पसरला आणि त्यावर ठेवली.

देवीदास ते कापड बघत राहिला. मग म्हणाला, "डिक्की उघडा, शेठ."

"क्यों?"

"गाडी घेऊन राहिलो. पाहून तर घ्यावं लागन."

शेठच्या ड्रायव्हरने डिक्की उघडली. कोपऱ्यात एक गाठोडं होतं. देवीदासने गाठ सोडली. काळे उडीद, तीळ, एक लोखंडी खिळा आणि तेलाची बाटली.

आता सगळं जागेवर बसलं. काळं, लोखंडाचं, शनिवारी, सूर्य बुडायच्या आत. ही शनीची पीडा होती. ती कोणाच्या तरी पदरात टाकायची आणि मागे न बघता निघून जायचं.

देवीदासला बाप आठवला. बाप सांगायचा, ग्रहण लागलं की आजा झोळी घेऊन गावातून ओरडत फिरायचा, 'दे दान, सुटे गिराण!' लोक जुनंपानं फेकायचे आणि त्यासोबत आपली इडापीडाही. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आला, त्या दिवशी बापाने ती झोळी चुलीत घातली होती.

"शेठ, हे आमालेच काऊन?" देवीदासचा आवाज चढला नाही.

मुन्नालालची मान खाली गेली. "मेरा छोटा भाई इसी गाडी में गया, काका. चलाते-चलाते दिल बंद पड गया. उसके बाद घर में एक-एक करके... पंडितजी बोले, लोहे का दान करो. बोले, ऐसे लोगों को देना जो..." तो थांबला.

"अशा लोकायले म्हंजे कशा लोकायले?"

लोकेशचा चेहरा उतरला होता. त्याला हे सुचलंच नव्हतं. त्याच्या पिढीला कोणी झोळी दाखवलीच नव्हती.

"आमी शनीले भेत नाई," देवीदास म्हणाला. "गाडीची आमाले गरज हाय, मोठी गरज हाय. पण तुमची पीडा उचलाचं काम आमच्या बापानं सोडलं. पीडा द्यायची असन तर गाडी परत न्या. दान द्यायचं असन तर बसा, चहा घ्या, सूर्य बुडू द्या. मंग हातात हात देऊन द्या."

"मुहूर्त निकल जाएगा, काका!"

"म्हणूनच म्हणून राहिलो."

"मोठेबाबा!" लोकेश कुजबुजला. "रीताचं आठवा जरा."

बरोबर बोलत होता पोरगा. उद्या कोणाची लेक रस्त्यात गेली तर गाव याच अंगणाकडे बोट दाखवेल. पण तो हलला नाही.

मुन्नालाल गाडीकडे बघे, मग धानाच्या बांधीपलीकडे उतरणाऱ्या सूर्याकडे. लीलाबाईने विहाराच्या बाजूला खाट टाकली, चहाचा कप आणला आणि तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळाने शेठ खाटेवर बसला. कप हातात धरला, पण ओठाला लावला नाही. ऊन विहाराच्या कळसावरून सरकलं आणि गेलं.

मग त्याने चहा प्यायला. थंड झाला होता, तरी सगळा प्यायला. उठला, कापडावरची किल्ली उचलली आणि देवीदासच्या तळहातावर ठेवली. बोटं गार होती.

देवीदासने मूठ मिटली. मन बदललं म्हणून देतो, की ही गाडी घरी न्यायची हिंमत नाही म्हणून? कसं कळणार?

"एक फेरी तुमीच मारा, शेठ," तो म्हणाला, "गावातून. मी संग बसतो."

मुन्नालालने किल्ली घेतली. त्याचा भाऊ जिथे बसला होता, त्या जागी तो बसला. देवीदास शेजारी, लोकेश मागे. गाडी हळूहळू गल्लीतून निघाली. लोक दारात येऊन बघत होते, पोरं मागे धावत होती. देवीदासने मात्र रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. तो शेवटपर्यंत मुन्नालालचा चेहरा बघत होता.