पोटाशी लावलेला पोंगा

मी एक जुना लाकडी पोंगा आहे. हसू नका मित्रांनो, नाव माझं मी ठेवलेलं नाही. दवाखान्याच्या कागदांवर मला फिटोस्कोप म्हणत, पण बीरगांवच्या बायांची जीभ तिथवर वळायची नाही. त्या म्हणायच्या, "दीदी, तो पोंगा लगा के देखो ना." तेच नाव चिकटलं. वीतभर लांबी, एका टोकाला पसरट तोंड, दुसऱ्या टोकाला कान टेकायला गोल चकती, आणि आरपार एक भोक. रुंद तोंड आईच्या पोटावर ठेवायचं, चकतीला कान लावायचा, की आतल्या बाळाच्या काळजाचा ठोका ऐकू येतो. बस्स, एवढंच माझं काम.

नागपूरच्या एका कातारी काकांनी मला शिसवीतून कातलं. नवी नवी नर्स झालेली सत्यभामा मला पिशवीत घालून रायपूरला घेऊन आली. बीरगांवच्या सरकारी दवाखान्यात आम्ही दोघांनी उभं आयुष्य काढलं. कारखान्यांतल्या कामगारांच्या बायका रांग लावून यायच्या. सत्यभामेचा कान माझ्यावर टेकला की सगळी खोली गप्प व्हायची. मग ती मान वर करून म्हणायची, "ठोका बढिया आहे." त्या तीन शब्दांवर बायांचे चेहरे कसे उजळायचे म्हणून सांगू! मला वाटायचं, जगातली सगळी काळजी मिटवायला मी पुरेसा आहे. मोठा शहाणाच होतो मी!

पुढे यंत्रं आली. बटण दाबलं की ठोका खोलीभर वाजायचा. सत्यभामा निवृत्त झाली, चौबे कॉलनीत राहायला आली आणि मी कपाटात लोकरीच्या गुंड्यांमागे जाऊन पडलो. तिच्या मुलानं, यशदीपनं, लहानपणी माझी पिपाणी करून पाहिली होती, ती आठवण तेवढी सोबतीला. धूळ खाताना फार वाईट वाटायचं, मित्रांनो. कामाची सवय लागलेल्याला आराम सोसत नाही.

आणि एक दिवस कपाट उघडलं. सून स्नेहल, यशदीपची बायको, गरोदर होती. सहावा महिना लागला आणि सत्यभामेनं मला पुसूनबिसून तिच्या पोटावर ठेवलं. आत टकटक टकटक, घोडं उधळल्यासारखा ठोका. सत्यभामा म्हणाली, "ठोका बढिया आहे," आणि मला बाजूला ठेवून स्वयंपाकघरात गेली. स्नेहलचा चेहरा मात्र उजळला नाही. असं माझ्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

मग मी लक्ष ठेवू लागलो. हे घर बौद्धांचं. रोज दिवेलागणीला सासूसुना वंदनेला बसत, पंचशील म्हणत. पहिली चार शीलं स्नेहल खणखणीत म्हणायची. पाचवं आलं, दारू नि नशेपासून दूर राहण्याचं, की तिचा आवाज पडायचा. नुसते ओठ हलायचे. सत्यभामेला वाटायचं, पोट्टी दमली. तिला दूध पाजायची, पाठीला उशी द्यायची, डॉक्टरांकडे जाताना तिचा हात धरून थेट आत जायची. डॉक्टर इरावती तिच्या जुन्या ओळखीच्या. निम्म्या प्रश्नांची उत्तरं सासूच द्यायची. माया होती हो ती, उतू जाणारी माया. पण मायेलाही कधी कधी कान नसतात.

त्या दुपारी सत्यभामा खाली भाजीवाल्याकडे गेली होती. स्नेहलनं मला उचललं. स्वतःच्या पोटावर ठेवलं आणि वाकली, मान तिरकी केली, पुन्हा वाकली. कान काही पोचेना. कसा पोचणार? स्वतःचं पोट स्वतःला ऐकता येईल असा मी घडलेलोच नाही, दुसऱ्याचा कान लागतो. शेवटी ती तशीच वाकून बसली आणि चकतीला तोंड लावून बोलू लागली. आयुष्यभर ऐकण्याचं काम केलेल्या माझ्यातून पहिल्यांदाच बोलणं जाऊ लागलं.

ती बाळाला सांगत होती. ऑफिसातल्या मैत्रिणीला बढती मिळाली, तेलीबांध्याला पार्टी झाली, तिथे मी वाइन घेतली. नंतरही एकदोनदा घेतली. तू आलेला आहेस हे मला ठाऊक नव्हतं रे. ठाऊक झालं त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. तुझ्या पप्पांना सांगितलं तर म्हणाले, कुछ नहीं होता यार, छोड़ ना. मोबाइलवर वाचते तर छातीत धस्स होतं. तुझं काही वाईट झालं असेल तर ते माझ्यामुळे. मला माफ कर.

दारात सत्यभामा उभी होती. हातात भाजीची पिशवी. तिनं सगळं ऐकलं होतं.

मित्रांनो, या घरात दारू हा शब्द साधा नव्हता. सत्यभामेचे यजमान गुलाबराव रायपूरच्या उरला भागातल्या कारखान्यात कामाला होते आणि दारूपायीच गेले. त्या वासात तिनं अर्धा संसार केला होता. ती पिशवी घेऊन आत गेली. स्नेहलनं मला छातीशी घट्ट धरलं. आता हिच्यावर आभाळ कोसळणार, असं मलाही वाटलं.

सत्यभामा परत आली. तिनं मला सुनेच्या हातातून काढून घेतलं आणि पदरानं पुसलं.

"हे ऐकायचं असते, पोरी. यातून बोलत नाहीत," ती म्हणाली. "बोलायचं त मले बोल."

"तुम्हाला राग आला असेल, आई."

"आला न. खोटं काहून बोलू? पण तुले ठाऊक नव्हतं, हेही ऐकलं मी." ती पलंगावर टेकली. "डॉक्टरबाईले सांगितलं का?"

स्नेहलनं मान खाली घातली. "कैसे बताती, आई? आप तो हर बार साथ में रहते हो."

सत्यभामेचा चेहरा उतरला. पोटाला कान लावून बसणारी ती, पोटवालीकडे तिनं पाहिलंच नव्हतं. मीही नव्हतं. ठोका ऐकला म्हणजे सगळं ऐकलं, असं आम्ही दोघं जन्मभर समजत आलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दाराशी सत्यभामा थांबली. "जाय. एकटी जाय. मी बाहेर बसीन." आणि ती बाकावर बसली. सवयीनं मला पिशवीत घेऊन आली होती. मला मुठीत इतकं घट्ट धरलं की तिच्या हातांचा घाम मला लागला. बंद दाराबाहेर बसायची आम्हां दोघांचीही ती पहिलीच वेळ.

स्नेहल बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण ती खांदे सैल सोडून चालत होती. सासूनं काही विचारलं नाही. स्नेहलनंच सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. कधी घेतली, किती घेतली, सगळं शांतपणे विचारलं. म्हणाल्या, हीच भीती घेऊन खूप जणी येतात. गरोदरपणात इतकी चालते असं काही माप नाही, आणि शंभर टक्के हमी कुणी देऊ शकणार नाही. पण सुरुवातीला, नकळत, थोडी घेतलेल्या बहुतेकींची बाळं चांगली होतात. कळल्याबरोबर थांबलीस हे फार बरं केलंस. तपासण्या वेळेवर करू, बाळ झाल्यावरही लक्ष ठेवू. आणि इतके महिने एकटीनं कशाला काढलेस, असंही त्यांनी विचारलं.

शेवटच्या वाक्याला सत्यभामेनं डोळ्यांना पदर लावला.

त्या संध्याकाळी वंदनेत पाचवं शील आलं. स्नेहल पुन्हा अडखळली. सत्यभामा थांबली. "शील मागच्यासाठी नसते, माय. उद्यासाठी असते. नाही त आपण रोज काहून म्हणतो?" मग दोघींनी ते मिळून म्हटलं. स्नेहलचा आवाज जरा कापला, पण तो ऐकू आला.

भीती साफ गेली असं मी म्हणणार नाही. बाळ यायचं आहे अजून. पण परवा सत्यभामेनं मला पुन्हा पोटावर ठेवलं, कान लावला, बराच वेळ ऐकलं. ठोका दमदार होता. मी वाट पाहत होतो, आता ते जुने तीन शब्द येतील आणि मला बाजूला ठेवलं जाईल.

मित्रांनो, मी म्हातारा झालो, लाकडाला चीर पडली आहे, तेव्हा एवढं मागतो. तुमच्या घरी कुणाच्या पोटात बाळ असेल, तर बाळाचा ठोका जरूर ऐका. पण मान वर केल्यावर सत्यभामेनं त्या दिवशी जे केलं, तेही करा. तिनं मला उचललंच नाही. सुनेच्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "त्याचं बढिया आहे. आन तू कशी आहे?"