तोफेच्या हातातला कर्णा

मी एक जुना, पत्र्याचा कर्णा आहे. एका प्राध्यापकाच्या कपाटावर, पुस्तकांच्या गठ्ठ्यांमागे पडून असतो.

मित्रांनो, मला एका वेल्डरने घडवलं, कारखान्यातल्या टाकाऊ पत्र्यातून, आपल्या जिवलग मित्रासाठी. तो मित्र कामगारांचा पुढारी होता. लाल झेंड्याखाली उभा राहून तो माझ्यातून बोलू लागला की फाटकापुढची गर्दी कानांत प्राण आणून ऐके. लोक त्याला 'तोफ' म्हणत. वेल्डरला तो दादा म्हणे. दोघे एकाच डब्यातून जेवत. तो आमदार झाला, त्या दिवशी गर्दीने मलाही हार घातला!

पुढे कारखाना डबघाईला आला. निम्मे कामगार कमी केले तरच चालवीन, असं मालक म्हणाला.

"आज निम्म्या चुली वाचवू. बाकीच्यांसाठी लढत राहू," आमचा पुढारी माझ्यातून म्हणाला.

"कुणाची चूल विझवायची ते कोण ठरवणार? तू?" पुढच्या रांगेतून दादा ओरडला.

सभा उधळली. कारखाना बंदच पडला. पुढच्या निवडणुकीत आमचा पुढारी सपाटून आपटला. दोघांचं बोलणं कायमचं तुटलं.

कारखाने का बुडतात, हे शोधायला तो पिकल्या केसांनी अर्थशास्त्र शिकला आणि प्राध्यापक झाला. विद्यार्थी त्याला मानत. पण "सर, तुमचा कारखाना वाचला असता का?" असं कुणी विचारलं, की तो पाठ फिरवून फळा पुसत बसे. माझ्यावर धूळ साचत गेली.

"दादांकडे एकदा जाऊन या ना," बायको म्हणे.

"परीक्षा संपू दे," तो म्हणे. परीक्षा काही संपत नसत.

मग एका दुपारी निरोप आला, दादा गेला. काय वाटलं कोण जाणे, शोकसभेला निघताना त्याने मला खाली काढून काखेत घेतलं.

दादाची बायको म्हणाली, "आलात, भावजी? आजारपणातही म्हणायचे, 'तोफ येईल बघ. आमचं भांडण अजून अर्धंच झालंय.' बोला आता दोन शब्द."

त्याने मला ओठांशी धरलं. माझ्यातून नुसता श्वास गेला. सगळे थांबले होते. शेवटी त्याने मला खाली घेतलं.

मित्रांनो, माझी धूळ नाही झटकलीत तरी चालेल. पण कुणाशी अबोला धरला असेल, तर आजच त्याचं दार वाजवा. गेलेल्या माणसापर्यंत आवाज पोचवील, असा कर्णा अजून कुणाला घडवता आलेला नाही.